डॉक्टर, तिने 'हिरवं झाड' खाल्लंय!

मराठीतून लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझं मराठी म्हणजे आजीशी, रिक्षावाल्या काकांशी आणि ब्राउनीशी बोलायचं मराठी. मराठी विभागाच्या संपादकांनी 'काहीही लिही, फक्त मेसवर आणि सबमिशनवर लिहू नकोस, त्यावर सात लेख येऊन पडलेत' असं बजावलं, म्हणून हा विषय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या. सापडल्या नाहीत तर संपादकांचे आभार माना.

तर ब्राउनी. ब्राउनी म्हणजे आमची कुत्री. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सापडलेली, अस्सल गावठी. तेव्हा मुठीत मावायची, आता सोळा किलोची आहे. आजीला 'ब्राउनी' हे नाव खाण्याच्या वस्तूचं आहे हे कळल्यापासून ती तिला 'भवानी' म्हणते. खरं सांगू का, गुण बघितले तर आजीचंच नाव जास्त शोभतं.

गोष्ट गेल्या दिवाळीतली. मी होस्टेलवरून नाशिकला घरी गेले होते. आईने साफसफाई काढली होती, बाल्कनीतला लोखंडी स्टँड रंगवायचा होता, म्हणून त्यावरच्या सगळ्या कुंड्या खाली फरशीवर उतरवल्या होत्या. (कोणी उतरवल्या ते पुढे सांगते.) वसुबारसेच्या सकाळी, म्हणजे बघा, जनावरांची पूजा करायच्या दिवशी, सहा-साडेसहाला आजीच्या हाकेने जाग आली. "अगं ऊठ, भवानीला काहीतरी होतंय!"

हॉलमध्ये ब्राउनी दोन्ही पंजांनी स्वतःचं तोंड ओरबाडत होती. लाळेची अक्षरशः तार लागली होती. जीभ सुजून बाहेर आलेली. आणि सोफ्याजवळ उलटी, त्यात पानांचे तुकडे. शेजारच्या काकू धावत आल्या आणि म्हणाल्या, "मीठ-पाणी पाजा, सगळं पडून जाईल." आईने मीठ काढलंसुद्धा होतं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला आणि ते पहिलं वाक्य हेच म्हणाले की काहीही पाजू नका. मिठाचं पाणी कुत्र्याला पाजलं तर रक्तातलं मीठ वाढून ते स्वतःच विष ठरू शकतं. शिवाय सुजलेल्या घशातून उलटी काढायला गेलं तर ती फुफ्फुसात जाण्याची भीती. हे आम्हाला चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "काय खाल्लंय?"

"झाड."

"कुठलं?"

मी बाल्कनीत जाऊन बघितलं आणि यार, मी जे उत्तर दिलं ते मला आयुष्यभर पुरेल. मी म्हणाले, "हिरवं."

"ताई, झाडं सगळी हिरवीच असतात. नाव काय त्याचं?"

फोन हातात धरून मी घरभर विचारलं. आई म्हणाली, "ते शोचं झाड आहे." बाबा म्हणाले, "मला समारंभात मिळालेलं." आजी म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं, घरात तुळस सोडून काही आणू नका." मी टी. ई. ला ई अँड टीसी करतेय. रेझिस्टरचे कलर कोड झोपेत विचारा, सांगेन. घरात सात महिने उभ्या असलेल्या झाडाचं नाव मात्र मला सांगता आलं नाही.

बरं, डॉक्टर म्हणाले फोटो पाठवा, नाहीतर येताना एक पान घेऊन या. आम्ही वळून बघतो तर कुंडी गायब! बाबांनी रागाच्या भरात कुंडीसकट झाड नेऊन खाली आलेल्या घंटागाडीत टाकलं होतं. घंटागाडी वेळेवर आली म्हणून पश्चात्ताप झालेलं आमचं नाशिकमधलं एकमेव घर असेल. उलटीतले तुकडे तोपर्यंत आईने फिनाइलने पुसून टाकले होते. पुरावा नष्ट करण्यात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं तोंड धुतलं, इंजेक्शन दिलं. म्हणाले, तोंड सुजलंय त्यावरून मला एक अंदाज आहे, पण उलट्याही होताहेत, तर बाहेर काही खाल्लंय का? तेव्हा मला आठवलं की बिल्डिंगच्या गेटपाशी ताडासारखी दिसणारी दोन बुटकी झाडं आहेत आणि त्याखाली सुपारीएवढ्या नारिंगी बिया पडलेल्या असतात. वॉचमन काकांना फोन करून फोटो मागवला. फोटो बघून डॉक्टर जरा गप्प झाले. मला ते गप्प होणं अजिबात आवडलं नाही.

त्या झाडाचं नाव सायकस. नर्सरीवाले त्याला सागो पाम म्हणतात. हे नाव ऐकून आईचा जीव भांड्यात पडला होता, कारण तिला वाटलं सागो म्हणजे साबुदाणा, मग काय, उपासालाही चालतं! पण आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. मूळचा सागो आग्नेय आशियातल्या वेगळ्याच एका पाम झाडाच्या खोडातून काढतात. आणि सायकस तर पाम नाहीच. ताडामाडाशी त्याचं काही नातं नाही, तो डायनोसॉरच्या काळापासून चालत आलेल्या एका वेगळ्याच घराण्यातला आहे. त्याच्या सगळ्या भागांत, आणि सर्वांत जास्त बियांमध्ये, सायकेसिन नावाचं रसायन असतं, ते थेट लिव्हरवर जातं. एक-दोन बियासुद्धा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. अमेरिकेत १९८७ ते १९९७ या काळात सायकस खाल्लेल्या ६० कुत्र्यांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश निघालं होतं.

आणि सगळ्यात वाईट भाग असा की सायकसमध्ये आधी उलट्या होतात, मग कुत्रं जरा बरं वाटतंय असं दाखवतं आणि लिव्हरचं खरं नुकसान दोन-तीन दिवसांनी दिसायला लागतं. म्हणजे 'हिरवं झाड' जर कुंडीतलं असेल तर संध्याकाळपर्यंत सूज उतरेल. आणि जर गेटपाशी पडलेली एखादी बी तिने गिळली असेल, तर आज काहीच सांगता येणार नाही. रक्त आज तपासायचं, उद्या तपासायचं, परवा तपासायचं. कोळशाची पूड पोटात द्यायची आणि वाट बघायची.

ते तीन दिवस मी वर्णन करत बसत नाही. एवढंच सांगते की पहिल्या आंघोळीला उठवायला कोणी आलं नाही आणि चकल्यांचा डबा तसाच राहिला. बाबा रोज रात्री उठून तिच्या पोटावर हात ठेवून ती श्वास घेतेय का ते बघायचे. बाबांना कुत्रं नकोच होतं मुळात, हे इथे नमूद करते.

कोडं सुटलं ते आत्याच्या फोनवरून. आत्याने फॅमिली ग्रुपवर बाबांच्या त्या सत्काराचा फोटो टाकला होता आणि त्यात बाबा तीच कुंडी छातीशी धरून हसताना दिसत होते! रुंद पानं, मध्ये पिवळट-पांढरे डाग. फोटो मोठा करून डॉक्टरांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'डिफेनबेकिया. तोंडाची सूज त्याचीच.' लिव्हरचे तिन्ही रिपोर्ट नॉर्मल आले आणि भाऊबिजेच्या आधी ब्राउनी अर्धी करंजी चोरून खाण्याइतकी बरी झाली. पहिल्याच मिनिटाला मी हा एक शब्द सांगू शकले असते तर तीन वेळा तिच्या पायात सुई टोचावी लागली नसती. तेवढ्यासाठी हा सगळा लेख आहे.

आता हे डिफेनबेकिया काय करतं ते ऐका, कारण ही गोष्ट मराठी माणसाला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नाही. अळूची भाजी कच्ची राहिली की घसा खाजतो ना? तेच हे. अळू, सुरण, डिफेनबेकिया, आपला लाडका मनी प्लांट, पीस लिली, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, झीझी प्लांट, ही सगळी एकाच कुळातली भावंडं. यांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांचे गठ्ठे भरलेले असतात. पान चावलं की त्या पेशी फुटतात आणि सुया सटासट जिभेत, हिरडीत, घशात घुसतात. डिझाइन म्हणून बघितलं तर निसर्गाला मानलं पाहिजे. स्प्रिंग नाही, बॅटरी नाही, नुसत्या दाबावर चालणारा सुयांचा फवारा! आपल्या आज्यांनी यावर चिंच, आमसूल आणि भरपूर शिजवणं हा तोडगा काढला. ब्राउनीला कोणी चिंच घालून देणार होतं का?

म्हणूनच या झाडाला इंग्रजीत 'डंब केन' म्हणतात. चावणाऱ्या माणसाची जीभ इतकी सुजते की बोलता येत नाही. यातून बहुतेक कुत्री वाचतात, त्रास मात्र भयंकर होतो, आणि घसा जास्त सुजला तर श्वास अडकू शकतो. मनी प्लांट त्या मानाने सौम्य, पण जात तीच.

याहून खतरनाक मंडळी वेगळी आहेत आणि गंमत म्हणजे ती आपल्या जास्त ओळखीची आहेत. कण्हेर आणि पिवळी कण्हेर तर माहीतच असेल, देवाला वाहतो. गच्चीवर आणि बाल्कनीत हल्ली हमखास असणारं, फुगीर बुंध्याचं, गुलाबी फुलांचं अ‍ॅडेनियम हे त्याच कण्हेरीच्या कुळातलं. आफ्रिकेत त्याच्या रसाचा उपयोग बाणाच्या टोकाला लावायचं विष म्हणून होत आला आहे. आणि आपण ते टीव्हीशेजारी ठेवतो! यांच्यात असतं ते आमचे आजोबा घ्यायचे त्या डिजॉक्सिनच्या गोळीच्या जातीचं रसायन. हृदयाच्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर फेकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे रसायन तो पंपच बंद पाडतं. डॉक्टरने मोजून दिलं तर औषध. सोळा किलोच्या कुत्रीने मनाने घेतलं तर ठोके चुकत चुकत हृदय थांबूही शकतं.

पानफुटी आठवते का? शाळेत बायॉलॉजीच्या पुस्तकात होती, पानाच्या कडेला छोटी छोटी रोपं फुटतात ती. आमच्या सिस्टरनी प्रत्येकीला एकेक पान घरी न्यायला दिलं होतं. ती कलांचोच्या जातीची, आणि तिच्यातही असंच हृदयावर परिणाम करणारं रसायन असतं. इतकी वर्षं 'व्हेजिटेटिव्ह प्रॉपगेशन' पाठ केलं, पण ही ओळ कुठल्या पुस्तकात वाचल्याचं मला तरी आठवत नाही. सदाफुलीही कुत्र्याला विषारी. आणि त्याच सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन हे औषध कुत्र्यांना होणाऱ्या एका प्रकारच्या गाठीवर वापरतात. म्हणजे झाड वाईट असं काही नसतं. मी झाडांची दुश्मन नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर निसर्ग मंडळवाले माझ्याशी बोलणं सोडतील.

उलट, उगाच बदनाम झालेली झाडंही आहेत. नाताळात आमच्या शाळेच्या चॅपलमध्ये लाल पानांच्या पॉइन्सेटियाच्या कुंड्या मांडायचे आणि 'हात लावू नका, जहाल विष आहे' असं आम्हाला सांगायचे. ही अफवा १९१९ साली हवाईमधल्या एका लहान मुलाच्या मृत्यूच्या गोष्टीतून पसरली आणि ती गोष्ट कधीच सिद्ध झाली नाही. अमेरिकेतल्या विष-माहिती केंद्रांकडे आलेल्या २२ हजारांहून जास्त पॉइन्सेटिया-केसेस तपासून १९९६ मध्ये जो अभ्यास आला, त्यात एकही मृत्यू नव्हता. कुत्र्याने खाल्लं तर थोडी लाळ, एखादी उलटी, बस. म्हणजे बिनकामाची भीती आपण सत्तर-ऐंशी वर्षं सांभाळली, आणि बिल्डिंगच्या गेटपाशी सायकस मात्र शोभेला लावलाय.

माझा राग झाडांवर नाहीये. माझा राग 'शोचं झाड' या शब्दावर आहे. हा शब्द म्हणजे आपल्या अज्ञानाला चढवलेलं कव्हर आहे. परत आल्यावर मी मुद्दाम एका नर्सरीत गेले आणि एकेका कुंडीकडे बोट दाखवून नावं विचारली. तिथल्या दादाने फार प्रेमाने उत्तरं दिली. "हे शोचं. हे पण शोचं. हे लकी. हे ऑक्सिजनवालं." लकी म्हणजे लकी बांबू, जो बांबू नाहीच, ड्रसीना आहे, आणि कुत्र्याने खाल्लं तर उलट्या होतात. पीस लिली ही लिली नाही. सागो पाम हा पाम नाही. मग कुत्र्याला चालणारा अरेका पाम आणि जिवावर उठणारा सागो पाम यांतला फरक माझ्या आईने ओळखावा कसा? दोघांना पाम म्हणतात, दोघांच्या पानांच्या झिपऱ्या, दोघेही शोचे.

त्या दादाचीही चूक म्हणवत नाही. नर्सरीतली कितीतरी रोपं येतात आंध्रातल्या कडियम भागातून, राजमहेंद्रीजवळून. तिथे मैलोन्मैल नर्सऱ्या आहेत, गोदावरीच्या काठाला. आम्ही नाशिकचे, गोदावरी आमच्या इथे त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि ती समुद्राला मिळायला जाते त्या टोकाकडून ट्रक भरून ही झाडं उलटी आमच्याकडे येतात. तिथे लावणाऱ्याला नाव पक्कं माहीत असणार. मग ट्रक, मग होलसेलवाला, मग नर्सरी, मग हातगाडी. शेवटी माझ्या बाबांच्या हातात कुंडी येते तेव्हा तिच्यावर गिफ्ट पेपर असतो, रिबन असते, 'हार्दिक शुभेच्छा' असतं, नाव तेवढं नसतं. ई अँड टीसीच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल पूर्ण अ‍ॅटेन्युएट झालेला असतो.

बरं, लेबलं लावता येत नाहीत असंही नाही. 'हे झाड हवा शुद्ध करतं, नासाने सांगितलंय' अशी पाटी लागते की! त्या पाटीचीही एक कथा आहे. नासाचा तो अहवाल १९८९ चा. त्यातले प्रयोग होते हवाबंद चेंबरमध्ये ठेवलेल्या झाडांचे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा सगळ्या जुन्या प्रयोगांचे आकडे खऱ्या घराच्या हिशेबात बसवून बघितले. नुसत्या हवेच्या येण्याजाण्याने जेवढं काम होतं तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं गणित आलं. माझी होस्टेलची रूम साधारण बारा चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी १२० कुंड्या. रूममेटला कुठे ठेवू? तरी ही पाटी सगळीकडे आहे, कारण तिने झाड विकलं जातं. 'कुत्रा, मांजर, लहान मूल यांच्यापासून लांब ठेवा' या पाटीने विकलं जात नाही, म्हणून ती नाही.

ब्रिटनमध्ये नर्सरीवाल्यांच्याच संघटनेने, हॉर्टिकल्चरल ट्रेड्स असोसिएशनने, त्रासदायक झाडांची यादी करून लेबलवर काय सूचना द्यायची हे आपल्या दुकानदारांना ठरवून दिलं आहे. अमेरिकेत एएसपीसीए या संस्थेने कुत्र्या-मांजरांना चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या शेकडो झाडांची यादी फुकट खुली ठेवली आहे. आपल्याकडेही मुंबईत प्राण्यांसाठीची एसपीसीए १८७४ पासून आहे, त्यामुळे भूतदया परक्यांकडून शिकायची वेळ आलेली नाही. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका आपण बरोबर बघतो. कुंडीवर एक काडी खोचायला काय हरकत आहे? झाडाचं खरं नाव आणि गरज असेल तर एक पंजाचं चित्र. बस. वाचता न येणाऱ्यालाही पंजा कळतो.

यावर मला जी उत्तरं मिळाली तीही लिहिते. एक मित्र म्हणाला, "कुत्र्यांचे एवढे लाड? माणसं मरतायत तिकडे!" त्याला एवढंच सांगते की डिफेनबेकियाच्या सुया तोंडात कोण आहे ते विचारत नाहीत. रांगणारं बाळ जे दिसेल ते तोंडात घालतं आणि त्याची उंची साधारण ब्राउनीएवढीच असते.

आजीचा मुद्दा जास्त अवघड होता. ती म्हणाली, "आमच्या गावात कण्हेर होती, रुई होती, धोतरा होता. आमचा मोत्या कधी त्यांना तोंड लावायला गेला नाही. जनावराला कळतं." यावर मी दोन दिवस विचार केला, खरंच. मोत्याला दिवसभर अख्खं गाव होतं फिरायला. ब्राउनीला सातशे स्क्वेअर फूट आहेत आणि सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं. सगळे कामावर, कॉलेजला. कंटाळलेलं कुत्रं चप्पल खातं, मोबाइलचा चार्जर खातं, कुंडीतली माती उकरतं. त्यात मातीत हाडांचं खत मिसळलेलं असेल तर त्या वासाने अजूनच. ती डिफेनबेकिया निवडून खायला गेली नव्हती, तिला करायला दुसरं काही नव्हतं. आणि आजी, गावातली कुत्री मरायचीच की. ती कशाने मेली हे कोणी विचारत नव्हतं. हे मी आजीला म्हटलं तेव्हा ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "मोत्या गेला तो पण असाच एका रात्रीत गेला. आम्ही म्हटलं पान लागलं असेल." त्यानंतर आम्ही दोघीही त्यावर काही बोललो नाही.

आता दोष वाटून झाले, तर माझा राहिलेला हिस्सा. कुंड्या स्टँडवरून खाली मीच उतरवल्या होत्या. आई म्हणाली होती, बेडरूमच्या बाल्कनीत ठेव आणि दार लाव. मी मोबाइलवर बोलत बोलत जवळ होती तिथे ठेवल्या. हे लिहिलं नाही तर लेख खोटा होईल.

आणि दुसरा हिस्सा त्याहून लाजिरवाणा. मागच्या गॅदरिंगला मी स्वागत समितीत होते. 'पुष्पगुच्छाऐवजी रोपटं' ही आयडिया आमचीच, फार टाळ्या मिळाल्या होत्या तिला. मी आणि दोघीजणी जाऊन पाहुण्यांसाठी चौदा कुंड्या घेऊन आलो. निकष काय होता माहितीये? पानं चकचकीत हवीत आणि टेम्पोत मावली पाहिजेत. आज फोटो बघितले तर त्यात पाच डिफेनबेकिया आहेत आणि तीन अ‍ॅडेनियम. कुठल्या पाहुण्याच्या घरी कुत्रं आहे, कोणाकडे नातवंडं आहेत, आम्हाला काय माहीत! केमिस्ट्री लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीलासुद्धा लेबल नसेल तर सर जर्नल फेकतात. २३० व्होल्टच्या बोर्डावर कवटी काढलेली असते. आणि आम्ही इंजिनिअर होऊ घातलेल्या पोरींनी चौदा कुंड्या बिनलेबलच्या वाटल्या, वर कंपेअरिंगमध्ये 'पर्यावरणाचा संदेश' म्हणून वाक्य टाकलं.

घरी आता काय आहे विचाराल, तर अ‍ॅडेनियम शेजारच्या काकूंनी नेलं, त्यांच्याकडे फक्त मासे आहेत. मनी प्लांट छताच्या हुकाला टांगलाय. खाली गुलाब, मोगरा, अरेका पाम आणि एक स्पायडर प्लांट, हे सगळे चालतात. भरपूर खाल्ले तर पोट बिघडेल, पण पोट तर करंजीनेही बिघडलं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाबांनी सायकसचा विषय काढला. झाडं काढायला कोणी तयार नाही, 'महाग आहेत' म्हणाले. पण बिया रोज झाडून उचलायच्या आणि भोवती जाळी लावायची एवढं मान्य झालं. जाळी अजून लागलेली नाही. बाबा स्वतः सकाळी ब्राउनीला खाली न्यायच्या आधी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बिया गोळा करतात. आजीने सगळ्या कुंड्यांवर ऑइल पेंटने नावं घातली आहेत, तिच्या मोडीवळणाच्या अक्षरात. 'स्पायडर'चं 'स्पायदर' झालंय, पण मी सुधारायला गेले नाही.

या वर्षीचं गॅदरिंग जवळ आलंय आणि स्वागत समितीने कुंड्यांचा कारभार माझ्याकडे दिलाय. यादी केली आहे, सोळा कुंड्या, सोळा नावं, डिफेनबेकिया आणि अ‍ॅडेनियम बाद. आइस्क्रीमच्या काड्या कँटीनच्या अण्णांनी धुवून ठेवल्या आहेत. पंजाचा शिक्का मी खोडरबर कोरून करणार आहे. फक्त काड्यांवर देवनागरीत नावं कोणीतरी सुबक लिहून द्यायला हवीत, कारण माझं अक्षर संपादकांनी बघितलेलं आहे. ज्यांचं चांगलं आहे त्यांनी शनिवारी लंच ब्रेकमध्ये डिपार्टमेंटच्या जिन्यापाशी भेटा. स्केच पेन मी आणते.